दुर्बोधतेचा कांगावा आणि निरोप्या निन्जा

मराठीच्या वर्गात यापुढे कठीण काही शिकवू नये, हे मत आता कुजबुजीच्या पायरीवरून सूचनेच्या पायरीवर आले आहे, आणि सूचनेचा ठराव व्हायला आपल्याकडे फार वेळ लागत नाही. या मताची मांडणी ठरलेली असते. आजच्या विद्यार्थ्याच्या अंगी चिकाटी नाही. मोबाईल आणि गेम यांनी त्याचे अवधान खाऊन टाकले आहे. सबब मर्ढेकर, महानुभाव गद्य, सहाशे पानांच्या घरातल्या कादंबऱ्या यांना सन्मानाने निरोप द्यावा आणि त्यांच्या जागी विद्यार्थ्यांना रुचतील असे आटोपशीर, सुबोध उतारे नेमावेत. चर्चासत्रांतून ही मांडणी झाली की माना डोलतात, कारण तिच्यात सर्वांची सोय आहे. शिकवणाऱ्याची तर आहेच आहे.

आम्ही जळगाव आणि धुळे या दोन गावांतल्या महाविद्यालयांत मराठी शिकवतो. आम्हांला ही मांडणी मान्य नाही. ती का मान्य नाही, हे सांगण्यासाठी आम्ही मुद्दाम शत्रूच्या गोटातला साक्षीदार बोलावणार आहोत. ज्या गेमवर मुलांची चिकाटी खाल्ल्याचा आरोप आहे, त्याच जातीचा एक गेम आम्ही येथे साहित्यकृती वाचावी तसा वाचणार आहोत. वाचकांपैकी ज्यांना हा विषय अशा पानांच्या प्रतिष्ठेला न शोभणारा वाटेल, त्यांनी एवढेच आठवावे की एके काळी कादंबरीही प्रतिष्ठितांच्या घरात उशीखाली ठेवली जात असे.

१.

'द मेसेंजर' हा गेम कॅनडातल्या क्वेबेक शहरातील सॅबोटाज या छोट्या स्टुडिओने तयार केला आणि तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातील सर्वोत्तम स्वतंत्र गेमचा पुरस्कार त्याला मिळाला. दिसायला तो तीस-पस्तीस वर्षे जुना वाटतो. जाड चौकोनी ठिपक्यांची चित्रे, मोजके रंग, टीव्हीला जोडायच्या जुन्या यंत्रातून यायचे तसे किणकिणते संगीत. जुने लॅपटॉप जेवढे करू शकतात, तेवढ्यात तो भागतो.

कथा थोडक्यात अशी. निन्जांच्या एका गावावर राक्षसांची सेना चाल करून येते. गावाचा विध्वंस होतो. पश्चिमेकडून येणाऱ्या वीराची भविष्यवाणी पूर्वापार चालत आलेली असते. तो वीर येतो, पण उशिरा येतो. तो उरलेल्या एका निन्जाच्या हातात एक गुंडाळी देतो आणि ती डोंगरमाथ्यावर पोहोचवायला सांगतो. हा निन्जा काही आदर्श शिष्य नाही. प्रशिक्षणाचा त्याला कंटाळा आहे. तो निघतो. दऱ्या, दलदली, गुहा, मनोरे ओलांडत जातो. आणि मरतो. पुनःपुन्हा मरतो. खेळणारा एकेका खड्ड्यात वीस-वीस वेळा पडतो, तरी पुन्हा उठतो.

आता प्रश्न असा की, ज्या पिढीला चिकाटी नाही, ती पिढी एका खड्ड्यात एकविसाव्यांदा उडी का मारते?

येथे एक आक्षेप आम्हीच नोंदवून ठेवतो. आमच्या वर्गांतली बहुसंख्य मुले असला गेम खेळत नाहीत. ती चार मित्र जमवून बंदुकांचे गेम खेळतात. २०२० साली पबजीवर बंदी आली तेव्हा हळहळलेली आणि २०२१ साली बीजीएमआय आल्यावर पुन्हा बसलेली ती हीच मुले. निन्जाच्या वाटेला जाणारी थोडी आहेत. हा आक्षेप खरा आहे. पण आमचा दावा सर्व विद्यार्थी तपस्वी आहेत असा नाहीच. विद्यार्थ्यांच्या अंगी चिकाटी नाही हे विधान सिद्ध झालेले नाही, आणि असिद्ध विधानाच्या आधारावर पाठ्यक्रमातून ग्रंथ काढू नयेत, इतकाच आमचा दावा आहे. शिवाय ही जी थोडी मुले आहेत, ती पहिल्या बाकावर बसणारी नसतात, ही गोष्टही विचार करण्याजोगी आहे.

२.

गेमच्या काठिण्याविषयी बोलताना दुसरीकडून एक वेगळाच गट बोलू लागतो. तो आमच्या वयाचा आहे. आमच्या वेळचे गेमच खरे कठीण, आताचे सगळे लाडावलेले, असे त्याचे म्हणणे. या गटाचाही समाचार घेतला पाहिजे, कारण वर्गाविषयीही तो हेच बोलतो: आमच्या वेळचे विद्यापीठ, आमच्या वेळचे पेपर!

वस्तुस्थिती काय होती? सेगा कंपनीचा 'शिनोबी' १९८७ साली नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवर आला. टेक्मो कंपनीचा 'निन्जा गायडेन' १९८८ साली आला. निन्जाच्या उड्यांचे हे घराणे येथून सुरू होते. आपल्याकडे ते उशिरा आणि मागच्या दाराने आले. १९९० च्या दशकात बाजारात टीव्हीला जोडायची स्वस्त नकली यंत्रे मिळू लागली. त्यांना सगळे नुसते 'व्हिडिओ गेम' म्हणत. त्यात घालायच्या पिवळ्या-काळ्या डबीला कॅसेट म्हणत. तिच्यावर '९९९९९९ इन १' असे दणकट अक्षरांत छापलेले असे आणि आत तेच दहा-बारा गेम नावे बदलून रांगेने उभे असत. कॅसेट चालली नाही की तिच्या तोंडात फुंकर मारायची, हे शास्त्र कोणत्याही पुस्तकात नव्हते, पण जळगावच्या पोरांना आणि धुळ्याच्या पोरांना ते सारखेच अवगत होते. ज्यांच्या घरी यंत्र नव्हते, ते तासाच्या भाड्याने खेळत.

त्या गेमचे काठिण्य बहुतांशी धंद्याचे काठिण्य होते. नाण्याच्या यंत्रावर खेळणारा लवकर मेला तर दुसरे नाणे पडते. फार वेळ जगला तर यंत्र तोट्यात जाते. घरच्या यंत्रांवर नाणे उरले नाही, पण नाण्याची सवय उरली. शिवाय कॅसेटीत जागा थोडी, तेव्हा अर्ध्या तासाचा ऐवज महिनाभर पुरवायचा तर खेळणाऱ्याला अडवून ठेवणे भाग होते. 'निन्जा गायडेन'मध्ये खड्ड्यावरून उडी मारताना नेमका एक पक्षी येऊन छातीवर आपटतो आणि निन्जा मागे ढकलला जाऊन खड्ड्यात पडतो. शत्रूला मारून दोन पावले मागे सरकले की मारलेला शत्रू पुन्हा हजर. शेवटच्या टप्प्यातल्या बड्या शत्रूशी हरले की लगतच्या दारापाशी नव्हे, त्या टप्प्याच्या पार सुरुवातीला नेऊन सोडतात. काय चुकले ते कळायच्या आत शिक्षा झालेली असते.

स्मरणरंजन बाजूला ठेवले तर यातला बराचसा भाग छळ होता. कठीण आणि छळ यांत फरक आहे, आणि या संपूर्ण लेखाचा भार त्या फरकावर आहे. कठीण वस्तू आपल्याकडून काही मागते आणि मागताना ते देण्याची रीतही दाखवते. छळ केवळ मागतो.

'द मेसेंजर'ने जुन्या घराण्याचा वेश घेतला, पण ही नाणेशाही टाकून दिली. त्यात जीव मोजलेले नाहीत. मेल्यावर क्वार्बल नावाचा एक चिमुकला लाल राक्षस येतो, काळ उलटा फिरवून निन्जाला मागच्या चेकपॉइंटवर आणून सोडतो, आणि या उपकाराचे कर्ज म्हणून पुढे मिळणारी नाणीवजा कणिका काही काळ स्वतःच गिळतो. वर टोमणाही मारतो. म्हणजे अपयशाला किंमत आहे, पण ती फेडता येण्याजोगी आहे. अपमान आहे, पण तो हसण्यावारी नेता येण्याजोगा आहे. काही क्षणांत खेळणारा पुन्हा त्याच खड्ड्यासमोर उभा असतो, आणि मघाची चूक अजून हाताच्या बोटांत ताजी असते.

आता आपल्या परीक्षेकडे पाहावे. विद्यार्थी उत्तर लिहितो. निकाल काही महिन्यांनी लागतो. निकालात एक आकडा असतो. तो आकडा का आला, कोणत्या परिच्छेदात विचार भरकटला, कोठे उदाहरण हवे होते, यांतले काहीही त्याला कळत नाही. कळून घ्यायचे तर उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्सची फी, पुनर्मूल्यांकनाची फी, आणि नापास झाला तर पुन्हा फॉर्मची फी. नाणे टाका, पुन्हा खेळा! १९८७ च्या यंत्राचे हे तत्त्व गेम तयार करणाऱ्यांनी सोडून दिले. आपण मात्र त्याला शैक्षणिक शिस्त म्हणतो. आणि या यंत्रासमोरून विद्यार्थी उठून गेला की त्याला चिकाटी नाही असा शेरा मारतो.

३.

कठीण वस्तू शिकवते म्हणजे नेमके काय करते, हे पाहण्यासाठी या गेमची बांधणी जवळून पाहिली पाहिजे.

त्यातली मुख्य युक्ती एकच आहे. निन्जा हवेत असताना त्याने शत्रूवर, टांगलेल्या दिव्यावर किंवा तशाच एखाद्या वस्तूवर तलवार चालवली, की त्याला हवेतच आणखी एक उडी मिळते. बस्स. सुरुवातीला एकच दिवा, खाली सपाट जमीन; चुकले तरी काही बिघडत नाही. मग एक दिवा आणि खाली खड्डा. मग दोन दिवे. मग दिव्याच्या जागी हलता शत्रू. मग शत्रू, दिवा आणि समोरून येणारा गोळा. पुढे भिंतीला चिकटण्याचे पंजे मिळतात, हवेत तरंगण्याचा पेहराव मिळतो, दोरीचा आकडा मिळतो. प्रत्येक नवी वस्तू आधी एकटी भेटते, नंतर जुन्या वस्तूंच्या संगतीत भेटते. शेवटाकडे खेळणारा ज्या गुंतागुंतीतून सहज जातो, ती त्याला पहिल्या दिवशी दाखवली असती तर त्याने ती अशक्य ठरवली असती. त्याला कोणी व्याख्यान दिलेले नाही. त्याला वस्तूंचा क्रम दिलेला आहे.

आम्हांला येथे मर्ढेकर आठवतात, आणि ते केवळ आलंकारिक आठवणे नव्हे. बा. सी. मर्ढेकरांचा जन्म १९०९ सालचा, आणि तो आमच्या फैजपूरचा. मराठी कवितेत दुर्बोधतेचा आरोप ज्यांच्या नावाला सर्वाधिक चिकटला तो कवी खानदेशात जन्मला, ही गोष्ट सुबोधतेचे ठराव करणाऱ्या खानदेशी प्राध्यापकांनी ध्यानात ठेवावी. 'काही कविता' १९४७ साली आल्या. त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, त्यातून ते सुटले. दुर्बोधतेच्या खटल्यातून मात्र त्यांची सुटका अद्याप झालेली नाही. तो आता पाठ्यक्रम ठरवण्याच्या बैठकांतून चालतो.

याच मर्ढेकरांनी सौंदर्यविचार करताना लयीची मीमांसा केली. 'सौंदर्य आणि साहित्य' या ग्रंथाला १९५६ साली, त्यांच्या निधनानंतर, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कलाकृतीतल्या घटकांची रचना संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी होते, हा त्यांचा सिद्धान्त आपण परीक्षेसाठी तीन मुद्द्यांत पाठ करून घेतो आणि विद्यार्थी तो तीन मुद्द्यांत विसरतात. आता निन्जाच्या एखाद्या खोलीकडे या नजरेने पाहावे. एकापुढे एक समान अंतरावर टांगलेले दिवे: घाव, उडी, घाव, उडी, हा संवाद. चौथ्या दिव्याच्या जागी, त्याच अंतरावर, पण वेगळ्या वेळेने वरखाली होणारा शत्रू. हाताला लागलेली लय मोडणारा हा विरोध. आणि शेवटी अशी जागा, जेथे आधीची सम आणि नंतरचा भंग यांचे वजन एकमेकांना तोलून धरते व निन्जा पलीकडच्या कड्यावर अलगद उतरतो, हा समतोल. हा सिद्धान्त लागू पडतो की ओढूनताणून लावला आहे, यावर वर्गात भांडण होऊ शकते. तसे भांडण व्हावे हीच आमची इच्छा आहे. ज्या वर्गात मर्ढेकरांवर भांडण होते, त्या वर्गात मर्ढेकर कठीण म्हणून वगळण्याची भाषा कोणी करीत नाही.

कवितेतही हेच घडते. पहिल्या वाचनात कवितेत पाय घसरतो. दुसऱ्या वाचनात कोठे घसरला ते कळते. पाचव्या वाचनात तो घसरावा अशीच ओळ रचलेली होती, हे कळते. फरक इतकाच की गेम खेळणाऱ्याला पाच वाचने करू देतो आणि आपला तास पहिल्या वाचनानंतर 'कवीला येथे असे म्हणायचे आहे' या वाक्यावर संपतो. पाचव्या वाचनाचे सुख विद्यार्थ्याच्या वाट्याला कधी आलेच नाही, तर ते सुख त्याला सोसवत नाही हे आपल्याला कोणी सांगितले?

४.

दोन आक्षेपांचा परामर्श घेतला पाहिजे.

पहिला आक्षेप असा की, गेममधली चिकाटी ही पाठांतराची चिकाटी आहे. तीच खोली वीस वेळा ओलांडणे म्हणजे बोटांचे पाठांतर; त्यात विचार कोठे? हा आक्षेप करणाऱ्यांनी अपेक्षित प्रश्नसंचांच्या दुकानात एकदा जाऊन यावे. ज्या व्यवस्थेत संपूर्ण पदवी पाठांतरावर मिळू शकते, तिने पाठांतराची निंदा करणे विनोदी आहे. पण आक्षेप गंभीरपणे घ्यायचा तरी तो टिकत नाही. पाठ केलेले उत्तर प्रश्न बदलला की निरुपयोगी होते. निन्जाच्या खोल्या मात्र सतत बदलतात. बोटांना जे येते ते उत्तर नव्हे, ते व्याकरण असते. ओवी पाठ असणे आणि ओवी अंगात मुरणे यांतला फरक वारकऱ्यांना ठाऊक होता. तो आपल्यालाही ठाऊक असायला हरकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. गेम हरघडी बक्षीस देतो. पुस्तक देत नाही. उडी साधली की पडदा पुढे सरकतो, संगीत बदलते, नवी जागा दिसते. कादंबरीच्या शंभराव्या पानावर वाचकाला कोणी टाळी देत नाही. मान्य. म्हणूनच तर शिक्षक नावाचा माणूस वर्गात लागतो. पान आणि वाचक यांच्यामध्ये उभे राहून तू आता इथवर आलास, हे जे तू म्हणालास ते पुस्तकात खरोखर आहे, असे वेळेवर सांगणे हे काम पुस्तक करू शकत नाही. ते काम करणे अवघड जाते म्हणून पुस्तकच बदलणे, हा न्याय आम्हांला समजत नाही.

५.

मग साहाय्य द्यायचेच नाही काय? कठीण ते कठीणच राहू द्यायचे आणि बुडेल त्याला बुडू द्यायचे काय? गेमच्या जगात अशा बाण्याचे लोक आहेत. जमत नसेल तर सोडून दे, असे ते नवख्याला सुनावतात. प्राध्यापकांतही आहेत. आम्ही त्यांच्या बाजूचे नाही.

या बाबतीत २०१८ सालीच आलेला दुसरा एक गेम, 'सेलेस्ट', अधिक शहाणपण शिकवतो. त्यात निन्जा नाही, एक मुलगी डोंगर चढते. पण उड्यांचे काठिण्य याच जातीचे. त्यात साहाय्याची एक सोय ठेवली आहे. खेळणारा स्वतः ठरवून खेळाचा वेग कमी करू शकतो, थकवा येऊ न देण्याची सवलत घेऊ शकतो, हवे तर मरण्यापासूनही सूट घेऊ शकतो. डोंगर मात्र तोच राहतो. एकही कडा कापलेला नाही. ज्याला मदत हवी त्याने ती घ्यावी, किती घेतली ते त्याला ठाऊक असावे, आणि उद्या नको वाटली तर ती काढून ठेवता यावी.

आपल्या परंपरेला हे नवे नाही. 'सार्थ' या शब्दाने सुरू होणाऱ्या पोथ्या आपल्या घराघरांत आहेत. सार्थ ज्ञानेश्वरीत आधी ओवी असते, खाली अर्थ असतो. ज्याला ओवी कळली त्याने अर्थ वाचू नये. ज्याला नाही कळली त्याने अर्थ वाचून पुन्हा ओवीकडे यावे. ओवी जागेवर असते. बाजारातले गाईड याच्या नेमके उलट करते: ते ओवी काढून टाकते आणि अर्थ ठेवते. पाठ्यक्रमातून कठीण ग्रंथ काढून त्याच्याविषयीचा सुबोध परिचय नेमणे म्हणजे विद्यापीठानेच गाईड छापणे होय. टीप द्या, शब्दकोश द्या, नकाशा द्या, वंशावळ द्या, वेग कमी करा. डोंगर कापू नका.

६.

आता या वादातल्या सर्वांत प्रतिष्ठित युक्तिवादाकडे वळतो. तो करुणेच्या भाषेत केला जातो. आमची मुले ग्रामीण आहेत, आदिवासी आहेत, घरात शिकणारी पहिली पिढी आहे. साक्री-शिरपूरकडून, चोपडा-यावलकडून एसटीने येतात. घरी अहिराणी बोलतात, तावडी बोलतात, पावरी बोलतात. प्रमाण मराठीच त्यांना परकी, तेथे मर्ढेकरांचा भार कशाला?

या करुणेत तिरस्कार दडलेला आहे, असे आम्ही स्पष्ट म्हणतो. कारण कठीण ग्रंथ पाठ्यक्रमातून गेले तरी जगातून जात नाहीत. ज्यांच्या घरी पुस्तकांची कपाटे आहेत, त्यांची मुले ते वाचतीलच. नाही वाचणार ती आपली. पुस्तक हातात पडण्याची ज्यांना वर्गाखेरीज दुसरी संधीच नाही, त्यांच्याच हातून आपण ते काढून घेणार आणि त्याला सामाजिक न्याय म्हणणार!

शिवाय ही मुले भाषेने दुबळी आहेत हे गृहीतकच खोटे आहे. घरी एक बोली, बाजारात दुसरी, वर्गात तिसरी भाषा रोज बोलणारे मूल भाषेच्या बाबतीत एकभाषी पुणेकर मुलापेक्षा अधिक कसरतपटू असते. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली, आणि तेव्हापासून साधी, सोपी, निरागस अशी विशेषणे लावून आपण ती शिकवतो. ती साधी नाहीत. त्यांतली विचाराची घडी चांगल्या चांगल्या समीक्षकाला उलगडत नाही, आणि त्यांतले शब्द खानदेशाबाहेरच्या विद्यार्थ्याला टिपांशिवाय कळत नाहीत. तेथे आमची मुले टिपा देऊ शकतात. अशा वेळी वर्गातले पारडे कसे फिरते, हे ज्याने पाहिले आहे तो ग्रामीण विद्यार्थ्याला झेपत नाही हे वाक्य पुन्हा उच्चारणार नाही. आणि नेमाड्यांची 'हिंदू' तर सांगवीच्या लेखकाने खानदेशी गावगाडा केंद्रस्थानी ठेवून लिहिलेली. ती तिच्या जाडीला भिऊन खानदेशातल्याच मुलांपासून दूर ठेवायची काय?

७.

निन्जाच्या कथेचा उत्तरार्ध सांगायचा राहिला. डोंगर ओलांडून गेलेला निरोप्या पाचशे वर्षे पुढच्या काळात जाऊन पोहोचतो. पडद्यावरची चित्रे बदलतात, रंग वाढतात, संगीत भरघोस होते. आठ बिटांच्या यंत्राचा वेश टाकून गेम सोळा बिटांचा वेश घेतो. पुढे हा निरोप्या गुंडाळी दुसऱ्या निरोप्याच्या हाती देतो आणि झगा पांघरून वाटेवरच्या दुकानदारांच्या पंथात जाऊन बसतो. येथे गेम संपला असे वाटते. मग कळते की निरोप पुढे पुढे देत राहण्याची ही साखळी म्हणजेच शाप आहे, आणि ती तोडायची तर पुन्हा मागे जाऊन सगळी वाट नव्याने तुडवली पाहिजे. आता वाट सरळ राहिलेली नसते. एकाच जागेचे दोन काळ असतात. एका काळात बंद असलेला रस्ता दुसऱ्या काळात उघडा असतो. जुनी जागा नव्या डोळ्यांनी वाचल्याखेरीज पुढे जाता येत नाही.

आमच्या धंद्याविषयी याहून नेमके रूपक आम्हांला अलीकडच्या मराठी साहित्यात भेटलेले नाही. गुंडाळी न उघडता ती पुढच्याच्या हातात देणे, त्याने ती त्याच्या पुढच्याच्या हातात देणे, आणि वेतनश्रेणीचा झगा पांघरून दुकानात बसणे, याला अध्यापन म्हणण्याची पद्धत पडली आहे. गुंडाळी जड वाटू लागली की ती हलकी करा अशी मागणी होते. ती उघडून पाहा, अशी मागणी कोणी करीत नाही.

आम्ही ती करतो. आमचे मागणे चार कलमांत सांगता येईल. एक, पाठ्यक्रमातली कलाकृती संपूर्ण असावी. उतारा नेमायचाच तर भाषेच्या पेपरला नेमावा, साहित्याच्या नाही. दोन, थोडी पुस्तके नेमावीत आणि प्रत्येकाला दोन वाचनांचा वेळ द्यावा. दहा कवी एकदा वाचण्यापेक्षा तीन कवी चारदा वाचलेले बरे. तीन, अंतर्गत मूल्यमापनाचे गुण आपल्याच हातात असतात. तेथे विद्यार्थ्याचे लेखन आठवड्याच्या आत, समासात शेरे लिहून परत करावे आणि सुधारून पुन्हा लिहिण्याची मुभा द्यावी, गुण दुसऱ्या लेखनाला द्यावेत. याला कोणाच्या परवानगीची गरज नाही, फीही लागत नाही. चार, टिपा मुबलक द्याव्यात, सारांश देऊ नये.

हे करून पाहावे. त्यानंतरही विद्यार्थी उठून गेले, तर चिकाटीविषयी बोलू. त्याआधी नाही.